खातेवही कोणाच्या पेटीत?

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. त्यातली पहिली दहा वर्षे मी सगळा माल एकाच आडत्याच्या हातून दक्षिणेकडच्या बाजारात विकत होतो. गठ्ठे बांधायचे, ट्रान्सपोर्टला टाकायचे, बिल्टी पाठवायची आणि पेमेंटची वाट बघायची, एवढेच माझे काम. आडत्या ईमानदार माणूस होता. आपली दलाली कापून पै-पैचा हिशेब देत होता. मग एके दिवशी तो वारला आणि त्याच्या मुलांनी पेढी बंद केली. त्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की, दहा वर्षे ज्या दुकानांत माझे कापड फाडून विकले गेले, त्यातल्या एकाही दुकानाचा पत्ता माझ्याकडे नाही. माल माझा, छाप माझी, भांडवल माझे. गिऱ्हाईक मात्र त्याचे होते आणि ते त्याच्या खातेवहीबरोबर गेले. मला पुन्हा पिशवीत नमुने घालून गावोगाव हिंडावे लागले.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण पुस्तकांचा धंदा आहे. कापडवाल्याने पुस्तकांवर का लिहावे, असे काही वाचक विचारतील. त्यांना माझे सांगणे असे की, पुस्तकांच्या बाजारात गेल्या पंचवीस वर्षांत जे घडले, ते आपल्या प्रत्येकाच्या दारात येऊन उभे आहे. लेखक स्वतःच पुस्तक काढतो, ते कागदावर न छापता ईबुक म्हणून तयार करतो आणि थेट वाचकाला ऑनलाईन विकतो. मधला नाशिर नाही, घाऊक व्यापारी नाही, दुकानदार नाही. हे ऐकायला फार गोड वाटते. पण खातेवही कोणाच्या पेटीत राहते, हा माझा जुना प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

जुना हिशेब

आधी जुनी पद्धत पाहू. लेखक लिहितो, प्रकाशक छापतो, वितरक उचलतो, दुकानदार विकतो. शंभर रुपयांच्या पुस्तकात लेखकाच्या हाती साधारण दहा रुपयांच्या आसपास येतात. यात कोणी लूट करतो असे मी म्हणणार नाही. कागद, छपाई, बांधणी, गोदाम, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन आणि न खपलेला माल परत, हे सगळे त्या नव्वद रुपयांतून निघते. जोखीम प्रकाशकाची असते आणि जोखमीला मोल आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

पण ज्याला प्रकाशक मिळत नाही त्याचे काय? माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. आमचे एक उस्ताद शायर होते. त्यांनी पगारातून पैसे साठवून कातिबाकडून किताबत करून घेतली, पाचशे प्रती छापल्या आणि सही करून दोस्तांना वाटल्या. उरलेल्या प्रती लोखंडी ट्रंकेत गेल्या. ज्याला ते पुस्तक विकत घ्यायचे होते असा माणूस दुसऱ्या शहरात नक्की असेल. पण त्याला उस्ताद माहीत नव्हते आणि उस्तादांना तो माहीत नव्हता.

ईबुकने ही ट्रंक संपवली. एकदा फाइल तयार झाली की एक प्रत विका किंवा एक लाख विका, तयार करण्याचा खर्च तोच. कागद लागत नाही, उंदीर-वाळवी लागत नाही, माल परत येत नाही. आपल्या धंद्यात असा माल नाही. एक ताका विकला की दुसरा विणावाच लागतो.

छेचाळीस टक्के वसुलीचा धंदा

ही गोष्ट जगाने पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती २००० साली. अमेरिकेतील नामवंत लेखक स्टीफन किंग यांनी त्या वर्षी मार्चमध्ये एक कथा फक्त ईबुक म्हणून आपल्या प्रकाशकामार्फत काढली. पहिल्या चोवीस तासांत चार लाखांवर मागणी आली. मग जुलैमध्ये त्यांनी प्रकाशकालाही बाजूला ठेवले. ‘द प्लांट’ नावाची कादंबरी ते आपल्या वेबसाइटवरून हप्त्याहप्त्याने देऊ लागले. पहिल्या हप्त्याची किंमत एक डॉलर. कुलूप नाही, पहारा नाही. आधी उतरवून घ्या, पैसे ईमानाने पाठवा, मात्र शंभरातल्या पंचाहत्तर लोकांनी पैसे दिले तरच पुढचे लिहीन, अशी त्यांची अट होती.

पहिल्या हप्त्याला पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी पैसे दिले. चौथ्या हप्त्यापर्यंत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर आले. डिसेंबर २००० मध्ये सहाव्या हप्त्यानंतर किंग यांनी काम थांबवले आणि ती कादंबरी अपुरीच राहिली. पुष्कळांनी लिहिले की थेट विक्री फसली.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. किंग यांनी जमाखर्च जाहीर केला. सगळा खर्च वजा जाता चार लाख साठ हजार डॉलरांहून अधिक निव्वळ नफा होता. एका हप्त्यात निम्म्याहून जास्त उधारी बुडालेला धंदा नफ्यात राहिलेला आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? कापडात एवढी उधारी बुडाली तर दुकानाला टाळे लागते. ईबुकमध्ये बुडालेल्या प्रतीमागे खिशातून फारसे काही जात नाही, म्हणून हे शक्य झाले. पण दुसरी बाजूही विसरू नये. किंग यांचे नाव आधीच घराघरात होते. नवख्या माणसाने असा ईमानाचा गल्ला उघडा ठेवला असता तर त्यात किती नाणी पडली असती?

मोठा बाजार उघडतो

नवख्यांचा रस्ता अ‍ॅमेझॉन कंपनीने उघडला. नोव्हेंबर २००७ मध्ये तिने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबरच कोणाही लेखकाला आपले पुस्तक स्वतः चढवून विकण्याची सोय दिली. २०१० च्या जून अखेरीस लेखकाचा वाटा ७० टक्क्यांवर नेला. दहा टक्क्यांची सवय असलेल्या लेखकाला हा चमत्कारच वाटला असणार.

पण या ७० टक्क्यांना अट आहे. अमेरिकेत किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर यांच्या दरम्यान असली पाहिजे. त्याखाली किंवा त्यावर गेलात तर वाटा ३५ टक्के. हिशेब करून पाहा. ९९ सेंटच्या पुस्तकावर लेखकाला साधारण ३५ सेंट मिळतात, २.९९ च्या पुस्तकावर २.०९ डॉलर, म्हणजे सहापट. ९.९९ ला विकले तर ६.९९ डॉलर, एक डॉलरने भाव वाढवून १०.९९ केला तर ३.८५ डॉलर. म्हणजे भाव लेखक ठरवतो असे म्हणायचे, पण पट्टी बाजाराच्या मालकाने आधीच आखून ठेवलेली आहे.

तरीही या बाजाराने कित्येकांचे नशीब उघडले, हे कबूल केले पाहिजे. मिनेसोटा राज्यातील अमांडा हॉकिंग या तरुणीच्या कादंबऱ्या प्रकाशकांनी वर्षानुवर्षे परत पाठवल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये तिने त्या स्वतः विकायला ठेवल्या आणि वर्षभरात दहा लाखांच्या वर प्रती गेल्या. अँडी वेअर हे संगणकाचे काम करणारे गृहस्थ. मंगळावर अडकलेल्या माणसाची ‘द मार्शन’ ही कथा ते आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट देत होते. वाचक चुका दाखवत, ते दुरुस्त करत. किंडलवर सोयीने वाचता यावी म्हणून वाचकांनीच आग्रह केला, तेव्हा त्यांनी ती तिथे ठेवली. फुकट ठेवता येत नव्हती म्हणून सगळ्यांत कमी भाव लावला, ९९ सेंट. तीन महिन्यांत ३५ हजार प्रती खपल्या. पुढे मोठ्या प्रकाशकाने ती छापली आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

या दोन्ही गोष्टी सांगताना लोक एक भाग गाळतात. हॉकिंग यांनी मार्च २०११ मध्ये चार पुस्तकांसाठी सुमारे वीस लाख डॉलरचा करार एका जुन्या प्रकाशकाशीच केला. कारण त्यांनी स्वतः सांगितले: ईमेलची उत्तरे, मुखपृष्ठे, संपादक शोधणे यातच आठवडा जातो, लिहायला वेळ उरत नाही. ज्याने स्वतः माग चालवून स्वतःच दुकान मांडले आहे, त्याला हे बरोबर समजेल. मधला माणूस काढून टाकला तरी मधले काम जात नाही, ते तुमच्याच डोक्यावर येते.

मजुरीचा माग

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्रमागाच्या गावात दोन प्रकारचे मागवाले असतात. एक स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकतो. दुसरा मजुरीवर चालवतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, मागवाल्याला मीटरमागे मजुरी. माग दोघांच्याही शेडमध्ये सारखाच खडखडतो. पण मंदी आली की फरक कळतो.

अ‍ॅमेझॉनची एक योजना आहे. त्यात गेलात तर ९० दिवस तुमचे ईबुक दुसरीकडे कोठेही विकता येत नाही, तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा नाही. तुम्ही खूण काढली नाही तर ९० दिवसांनी करार आपोआप पुढे चालू होतो. या योजनेत पुस्तक भाडेतत्त्वाच्या वाचनालयात जाते आणि जुलै २०१५ पासून तिथे लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात. एका पानाला किती, हे महिना संपल्यावर कळते. अर्ध्या सेंटच्याही खाली असते. माल आधी द्यायचा आणि भाव नंतर ऐकायचा, असा हा सौदा आहे. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल तर या योजनेत जावेच लागते. नाहीतर ३५ टक्के.

म्हणून मी म्हणतो की, मोठ्या बाजारातल्या या विक्रीला लोक थेट विक्री म्हणतात ते बरोबर नाही. पुस्तक कोणी घेतले, तो कोठे राहतो, त्याला दुसरे पुस्तक आले हे कसे कळवायचे, यातले काही लेखकाला कळत नाही. महिन्याला आकडा येतो आणि बँकेत रक्कम येते. माझा आडत्याही एवढेच कळवत होता.

यात वाचकाचेही नुकसान आहे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके लोकांच्या किंडलमधून रातोरात पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे खरे, पैसेही परत दिले आणि कंपनीच्या प्रमुखांनी पुढे माफीही मागितली. पण विकलेला माल गिऱ्हाइकाच्या कपाटातून त्याला न विचारता उचलता येतो, हे त्या दिवशी जगाला कळले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ईबुकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेल्या किंडल पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही काढून घेतली. जो लेखक थेट विकतो आणि फाइल वाचकाच्या हातात देतो, तो खराखुरा माल देतो. दुकान उद्या बंद पडले तरी गिऱ्हाइकाचे कापड त्याच्या अंगावरच राहते.

स्वतःची पेढी

अमेरिकेतल्या युटा राज्यातील ब्रँडन सँडरसन यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर केले की साथीच्या काळात आपण चार जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या आहेत आणि त्या वाचकांना थेट विकणार आहोत. चारही ईबुके मिळून चाळीस डॉलर. छापील प्रतींचा भाव वेगळा. आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या वेबसाइटवर महिनाभरात १,८५,००० हून अधिक लोकांनी चार कोटी सतरा लाख डॉलर भरले. पुस्तक अजून हातात नाही आणि गल्ला भरला. पहिले पुस्तक जानेवारी २०२३ मध्ये लोकांना मिळाले.

यातून काय शिकायचे? सँडरसन यांचे पहिले पुस्तक २००५ साली प्रकाशकामार्फत आले होते. सतरा वर्षे ते वाचकांशी बोलत राहिले, कोणते पुस्तक किती लिहून झाले ते कळवत राहिले, दिलेल्या तारखा पाळत राहिले. त्यांचे स्वतःचे गोदाम आहे, पगारी माणसे आहेत. लोकांनी पैसे भरले ते एका जाहिरातीला भुलून नव्हे. सतरा वर्षांची पत होती. पत म्हणजे काय ते आपल्या जुन्या बाजारपेठांना पाठ आहे. चिठ्ठीवर लाखाचा माल जात होता तो याच पतीवर.

आपल्याकडची परिस्थिती

आपल्याकडे काय आहे ते पाहू. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. त्याच वर्षी यूपीआय आले. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. थेट विक्रीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी पन्नास रुपयांच्या मालासाठी मनीऑर्डर कोण करणार? आज पन्नास रुपये भरणे हे दोन बोटांचे काम आहे आणि ते पुरे पन्नास पोहोचतात.

समजा एक मराठी ईबुक शंभर रुपयांना आहे. कर आणि इतर किरकोळ वजावट बाजूला ठेवली तर मोठ्या बाजारात ३५ किंवा ७० रुपये हाती येतात. थेट विकले तर शंभरच्या जवळ. पण मग गिऱ्हाईक आणायचे तुम्हीच, फाइल उघडत नाही म्हणून रात्री अकराला फोन आला तर घ्यायचा तुम्हीच. मोठ्या बाजाराचा वाटा हे हमरस्त्यावरच्या दुकानाचे भाडे आहे. भाडे जास्त वाटले तरी त्या रस्त्याने माणसे जातात, हे नाकारता येत नाही.

कराचाही हिशेब लक्षात ठेवावा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ईबुकवर १८ टक्के होता; जुलै २०१८ मध्ये जीएसटी कौन्सिलने तो ५ टक्के केला, पण ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्यालाच. जो बिचारा छापू शकत नाही म्हणून ईबुक काढतो, त्यालाच ही सवलत मिळाली नाही. धंदा वाढू लागला की आपल्या हिशेबनिसाला विचारून पाऊल टाकावे.

चोरी आणि नकली माल

सगळ्यात मोठी भीती चोरीची. आज विकलेली फाइल उद्या शंभर ग्रुपमध्ये फिरते. दिल्लीतील एका कोचिंग शिक्षिकेची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामवरच्या चॅनेलांत फुकट किंवा कमी भावात वाटली जात होती. त्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ती चॅनेले चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा हुकूम दिला. कायदा आहे, पण प्रत्येक लेखक दिल्लीला कोर्टात जाऊ शकत नाही. माझे मत असे की, जो चोरून वाचतो तो बहुतेक विकत घेणारा नव्हताच. किंग यांचे ४६ टक्के डोळ्यांसमोर ठेवावेत. वाजवी भाव, भरायला सोपी पद्धत आणि लेखकाशी ओळख, या तीन गोष्टींनी चोरी संपत नाही पण धंदा चालतो.

दुसरा त्रास नकली मालाचा. ऑगस्ट २०२३ मध्ये पुस्तक व्यवसायावर लिहिणाऱ्या जेन फ्रीडमन यांना अ‍ॅमेझॉनवर आपल्या नावाची अशी पुस्तके विकायला ठेवलेली दिसली, जी त्यांनी लिहिलीच नव्हती. यंत्राकडून लिहवून घेतलेला माल, वर त्यांची छाप. आधी नाव ट्रेडमार्क आहे का अशी विचारणा झाली, ओरड झाल्यावर पुस्तके निघाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने एका खात्यातून दिवसाला तीनच नवी पुस्तके चढवण्याची मर्यादा घातली. दिवसाला तीन! माणूस वर्षाला एक लिहितो. असा बाजार यंत्राच्या मालाने भरला की तिथे नवा ईमानदार लेखक कोणाला दिसणार? तेव्हा ओळखीचे गिऱ्हाईक हीच त्याची शिल्लक.

सही करण्यापूर्वी

कोणी प्रकाशकाकडे जाणारच असेल तर त्याने कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. करारात वेगळे म्हटले नसेल आणि ज्याला हक्क दिला त्याने वर्षभरात तो वापरला नाही, तर तो हक्क संपतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर असेही आहे की, सही करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते त्याचे हक्क, करारात स्पष्ट लिहिले नसतील तर, दिले असे होत नाही. ह्यू हॉवी या अमेरिकन लेखकाने २०१२ मध्ये आपल्या ‘वूल’ या पुस्तकाचे फक्त छापील हक्क मोठ्या प्रकाशकाला दिले आणि ईबुक स्वतःकडे ठेवले. सगळे थान एकाच गिऱ्हाइकाला द्यावे लागते असे कोणी सांगितले? हवे तेवढे वार फाडून द्यावे, बाकीचे आपल्या फळीवर ठेवावे.

कारागिरांसाठी दोन शब्द

आता ज्यांच्यासाठी मी मुख्यतः हे लिहिले त्यांच्याकडे येतो. ईबुक म्हणजे कादंबरीच असते असे नाही. अमेरिकेत एट्सी २००५ साली आणि रॅव्हेलरी २००७ साली सुरू झाली. तिथे लोकरीचे विणकाम करणाऱ्या बाया-पुरुष आपापले नमुने, टाके कसे घालायचे, मापे कशी घ्यायची, हे चार-सहा पानांत लिहून फाइल म्हणून विकतात. स्वेटर एकदाच विकला जातो. नमुना पुन्हा पुन्हा विकला जातो.

आपल्याकडे शेरवानीची कटिंग डोळे मिटून करणारे दर्जी आहेत. जरीकाम करणारे हात आहेत. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूचे नक्षे ज्यांच्या डोक्यात आहेत असे थोडे लोक उरले आहेत. यांचे हुनर कोठे लिहिलेले आहे? उस्ताद जातो आणि पन्नास वर्षांची विद्या कफनाबरोबर जाते. मुलगा मोबाईलचे दुकान टाकतो. ही विद्या मराठीत, उर्दूत, सोप्या शब्दांत, चित्रांसह वीस पानांत उतरली तर शिकणाऱ्याला दोनशे रुपये जड नाहीत आणि उस्तादाच्या घरात म्हातारपणी चार पैसे येतील. पैसे नाही आले तरी विद्या राहील. घरातल्या शिकलेल्या मुलीने आठवडाभर बसून वडिलांकडून हे लिहून घेतले तर काम होते. कोणी म्हणेल, गुपित बाहेर जाईल. मी विचारतो, जे गुपित कोणालाच न देता कबरीत जाणार आहे, त्याचा पहारा कशासाठी?

माझा सल्ला

लेखक असो की कारागीर, माझे सांगणे थोडक्यात असे. मोठ्या बाजारात दुकान जरूर मांडावे, तिथे गर्दी आहे. पण फक्त त्यांनाच माल देण्याचा करार करायचा तर पहिले ९० दिवस करून पाहावा आणि खूण काढायला विसरू नये. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आपला पत्ता द्यावा आणि वाचकाने कळवावे अशी विनंती करावी. ज्याने कळवले त्याचे नाव आपल्या वहीत लिहावे. शंभर नावे झाली तरी ती तुमची आहेत, कोणी एका रात्रीत पुसू शकत नाही. ती नावे अमानत आहेत हेही लक्षात ठेवावे. कोणाला विकू नयेत, रोज सकाळी संदेश पाठवून लोकांना हैराण करू नये. लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे, पण कायदा नसता तरी व्यापाऱ्याचा शब्द होताच.

आणि धीर धरावा. थेट विकणाऱ्या बहुतेकांची पहिली पुस्तके थोडीच खपतात. हॉकिंग आणि वेअर यांची नावे आपल्याला कळली, कारण तसे फार थोडे झाले. माझे स्वतःचे पुन्हा जमवलेले खाते भरायला सात वर्षे लागली. त्या वहीत आज दोनशे बारा दुकाने आहेत, त्यातली बहुतेक लहान गावांतली. आडत्यामार्फत जेवढा माल जात होता तेवढा आजही जात नाही. पण मंदीच्या महिन्यात मी वही उघडतो, एका नंबरावर फोन लावतो आणि विचारतो, भाईजान, या वेळी काय पाठवू?